दोन पानांचा अभिप्राय

काकांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला, तोही पाकिटात घालून. पाकीट डिंकाने चिकटवलेलं, वर माझं नाव, नावापुढे ‘प्राध्यापक’. कुठलीही वस्तू ते उघडी देत नाहीत.

काका म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. नात्याने माझे कुणी नव्हेत. तालुक्याच्या गावी त्यांनी काढलेल्या वसतिगृहात मी आठवी ते बारावी राहिलो आणि आज त्यांच्याच संस्थेच्या शहरातल्या कॉलेजात पत्रकारिता शिकवतो. वसतिगृहातली सगळी पोरं त्यांना काका म्हणायची. मी अजूनही म्हणतो, स्टाफरूममध्येसुद्धा. सहकारी हसतात.

“त्या फिल्मचं तुझ्या कानावर आलंच असेल,” ते म्हणाले.

आलं होतं. शहरातल्या एका मुलीने आमच्या वसतिगृहावर माहितीपट केला होता. तिथल्या मुलांना काकांच्या घरी राबवून घेत असत, असा त्याचा विषय. दोन महिने त्याचे तुकडे मोबाइलवर फिरत होते. कुणी म्हणे सगळं खरं आहे, कुणी म्हणे संस्थेविरुद्ध कट आहे. भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पूर्ण फिल्म पाहिलेली नव्हती. आता शहरातलं एक चित्रपट मंडळ ती पूर्ण दाखवणार होतं.

“तू हेच शिकवतोस,” काका म्हणाले. “बघ आणि प्रामाणिकपणे लिही. खरं असेल त्याला खरं म्हण, खोटं असेल त्याला खोटं. तुझा अभिप्राय मंडळाला पाठवू. माझं ते ऐकायचे नाहीत, जाणकाराचं ऐकतील. शिवाय तू तिथंच वाढलेला. तुझ्याइतकं कोण सांगू शकतं?”

मी बरं म्हणालो. काकांना नाही म्हणायची मला सवय नाही, आणि ते भीतीमुळे नाही. मग कशामुळे, हे मला समजावून सांगता येत नाही इतकंच.

माझे वडील खडी क्रशरवर होते. सातवीनंतर मीही जायला लागलो. नाका-तोंडाला फडकं बांधून पाट्या भरायच्या. शाळेच्या गुरुजींनी काकांना सांगितलं की, पोरगं हुशार आहे. काका मोटरसायकलवरून थेट क्रशरवर आले. वडिलांना म्हणाले, “हे पोरगं मला द्या.” वडील म्हणाले, “घरात खाणारी तोंडं लई हायेत.” काका म्हणाले, “म्हणूनच म्हणतो, एक तोंड मला द्या.” त्या दिवशी मी त्यांच्या मागे बसून गेलो. अंगावर खडीची पांढरी भुकटी तशीच होती, ती त्यांच्या सदऱ्याला लागली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. यातलं काहीही त्या फिल्ममध्ये नव्हतं. असायलाच हवं होतं असं नाही. पण फिल्म बघायला बसताना माझ्या मनात हे होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

माहितीपट कसा पारखायचा हे मी विद्यार्थ्यांना एका रीतीने शिकवतो. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचा. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा. तिसऱ्यांदा दोन्ही. एरवी डोळे आणि कान एकमेकांची भीड ठेवतात. वेगळं केलं की दोघंही खरं बोलतात. ही रीत मला कुणी शिकवली नाही, शिकवता शिकवता सापडली. तिचा मला थोडा अभिमान आहे.

रविवारी दुपारी गारखेड्यातल्या आमच्या घरी, मंडळी बाहेर गेल्यावर, मी आवाज बंद करून फिल्म लावली.

वसतिगृहाची कमान दिसली, बाहेरून, रस्त्यावरून काढलेली. मग निळ्या-पांढऱ्या गणवेशातली मुलं. विहिरीच्या रहाटाने पाणी शेंदतात, हंडे खांद्यावर घेतात, कौलारू घरांच्या गल्लीतून जातात आणि एका मोठ्या दारातून आत नाहीशी होतात. हंड्यातून सांडलेल्या पाण्याची लांबच लांब रेघ मातीवर राहते. चांगलं दृश्य होतं. विद्यार्थ्याने असं काढून आणलं असतं तर मी वर्गात उभं करून त्याचं कौतुक केलं असतं.

पण आमच्या वसतिगृहाला विहीर नव्हती. हापसा होता. गल्लीतली घरं पत्र्याची होती. काकांच्या घराला असं दार नव्हतं, लोखंडी फाटक होतं. म्हणजे हे दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्या मुलांना आमचा गणवेश घालून काढलेलं होतं. आणि तसं सांगणारी एक ओळसुद्धा पडद्यावर नव्हती.

मला हायसं वाटलं. हायसं वाटलं हे मला आवडलं नाही, पण वाटलं.

मग मी खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ केली आणि नुसतं ऐकायला लागलो. निवेदन, गाड्यांचे आवाज, एका बाईचं बोलणं. आणि मग एक आवाज आला, तो ऐकून मी उठलो आणि पंखा बंद केला.

“धावीची सराव परीक्षा व्हती बगा. त्याच आठवड्यात काकाच्या पोरीचं लगीन. फळ्यावर माजं नाव आलं. पानी भरलं, मांडव घातला, गोठा काढला. परीक्षा बुडाली. पुढं बोर्डाला गणितात गेलो. मग काय, गेलोच.”

तो माझ्या शेजारच्या ट्रंकेवाला. वसतिगृहात माणसाची ओळख ट्रंकेवरून असायची, कुणाची ट्रंक कुणाशेजारी यावरून. पाच वर्षांतली तीन वर्षं आमच्या ट्रंका शेजारी होत्या. आता तो पैठण रोडवर चितेगावच्या एका कंपनीत आहे, हे मला ऐकून माहीत होतं. इतक्या जवळ असून मी कधी गेलो नव्हतो.

त्याने सांगितलेल्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या राबण्याला दिलेलं नाव ‘सेवा’. काकांच्या घरची कामं म्हणजे सेवा. कुणाची सेवा कधी, हे जेवणघराबाहेरच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. आता सांगितलं तर विचित्र वाटेल, पण सेवेचा आम्हाला राग नव्हता. काकू ज्वारीच्या गरम भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि वर तेल घालून द्यायच्या. वसतिगृहात तेल दिसायचं नाही. नाव कधी येतं याची पोरं वाट बघायची. फिल्ममध्ये हे नव्हतं, आणि हे नसल्यामुळे फिल्म सोपी झाली होती. पण दहावीच्या मुलांना सेवा नाही, असा नियम होता, आणि लग्नाच्या आठवड्यात तो मोडला गेला, हे फिल्ममध्ये होतं आणि ते खरंच घडलं होतं.

“फळ्यावर माजं नाव आलं,” असं तो म्हणाला. नाव आपोआप उगवल्यासारखं. नावं कुणीतरी लिहायचं. माझं अक्षर चांगलं होतं. फळा मी लिहायचो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “या ना सर, एडिटिंगची खोली आहे आमची, छोटीशीच आहे.” एका दुकानाच्या वरची खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या जुन्या गोधड्या. तिशीच्या आतली असावी. चहा मागवून ती थेट बसली.

“संस्थेतर्फे आलात की स्वतःहून?”

“अभिप्राय मागितलाय. पण विचारायला स्वतःहून आलो.”

“विचारा.”

“ती विहीर कुठली?”

ती हसली नाही, चिडलीही नाही. “आत पाऊल ठेवू दिलं नाही सर मला. तीनदा अर्ज केला. मग माझ्या मामाच्या गावाला शूट केलं.”

“मग ‘पुनर्रचित दृश्य’ अशी ओळ टाकायची होती.”

“टाकली होती. पहिल्या कटमध्ये होती. ज्यांना दाखवली ते सगळे तेवढंच धरून बसले. हे खोटं आहे ना, मग बाकीचंही खोटंच. चार माणसं तोंडाने सांगतायत, ते कुणी ऐकेनाच.”

“म्हणून ओळ काढलीस?”

“काढली. चुकलं असेल. पण सर, तुमच्या संस्थेची पण एक फिल्म आहे. वर्धापनदिनाला लावता ती. त्यात हापसा नवीन रंगवलेला आहे, पोरांचे गणवेश कोरे करकरीत आहेत. तिच्यावर तुम्ही अभिप्राय लिहिला का कधी?”

दरवर्षी ती फिल्म मी बघतो. दरवर्षी तिच्यानंतर कृतज्ञतेचं भाषण माझं असतं. ती प्रामाणिक आहे का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. वादग्रस्त असते तिचीच आपण पारख करतो. जी कुणाला टोचत नाही तिला माहितीपटसुद्धा म्हणत नाही, कार्यक्रम म्हणतो.

मी विषय बदलला. विचारलं, “हे चितेगावचे गृहस्थ... त्यांचं पूर्ण बोलणं आहे का तुझ्याकडे? कच्चं?”

तिने लावलं. कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीपाशी तो बसला होता, केस विरळ झालेले, हात तेच, मोठे. फिल्ममध्ये होतं ते सगळं बोलून झालं. मग कॅमेऱ्यामागून तिचा आवाज आला, “फळ्यावर नावं कोण लिहायचं?”

खाली बघत तो म्हणाला, “व्हतं एक पोरगं आमच्यातलंच.”

“काय नाव?”

“ते ऱ्हाऊ द्या. लई वर चढलंय आता ते. मास्तर झालंय. त्याला कशाला आणायलाव यात? हे काडून टाका बरं का ताई. नक्की काडा.”

तिने फिल्म थांबवली. “काढलं मग. त्यांना शब्द दिला होता.” माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलेलं होतं की आत्ताच कळत होतं, मला सांगता येणार नाही. “सर, तुम्ही बोलाल का कॅमेऱ्यासमोर? तुम्ही बोललात तर विहिरीचं दृश्य मी उद्या उपटून टाकते. मला त्याची गरजच नाही मग.”

“बघू,” मी म्हणालो. हा शब्द मी काकांकडूनच शिकलो आहे.

जिना उतरताना माझ्या ध्यानात आलं की, फिल्ममध्ये दोन खोट्या गोष्टी आहेत. एक दाखवलेली विहीर आणि दुसरा न दाखवलेला मी. पहिली संस्थेच्या उपयोगाची होती, दुसरी माझ्या. आणि पारख करायला मलाच बसवलं होतं.

चितेगावला जायला मी चार दिवस घेतले. दुपारची शिफ्ट सुटायच्या वेळेला गेटसमोर उभा राहिलो. तो मोटरसायकल ढकलत बाहेर आला, मला बघून थांबला, आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, “बग, आमच्या वसतिगृहाचे शंकराचार्य आले.”

मग मला, “काय मास्तर, वाट चुकलास?”

“तुलाच भेटायला आलो.”

“माज्याकडं? मग काईतरी कागुद आसंल हातात.” तो हसला. “तू बिनकागदाचा कुटं जातूस.”

टपरीवर बसलो. त्याने दोन चहा सांगितले, माझ्यात साखर कमी. हे त्याच्या लक्षात होतं. मी त्याला सगळं सांगितलं. काकांनी काय मागितलं, विहीर कशी दुसरीकडची आहे, तेवढं मला लिहावंच लागेल.

“लिही की. ती हीर खोटीच हाय. मी त्या पोरीला बोललो बी, आवं ताई आमचा हापसा व्हता. तर मनली, दिसायला बरं दिसत नाय.”

“आणि तुझं नाव मी लिहायचो, ते तू का नाही सांगितलंस?”

त्याने बशीत चहा ओतला. “सांगून काय व्हनार व्हतं? माजं गणित सुटणार व्हतं का?”

“तरी.”

“आरं तू बी पोरगंच व्हतास. सायब मनला लिही, तू लिहिलंस.” साहेब म्हणजे तिथले अधीक्षक. बशीतला चहा संपवून तो म्हणाला, “हे बग. तुला काय लिवायचं ते लिव. काकाचं मीठ तू बी खाल्लंय, मी बी खाल्लंय. मी काय त्यायला शिव्या नाय दिल्या. फकस्त मी खोटं बोललो आसं लिहू नको. माजी पोरगी कालेजात हाय. तिनं मोबाइलवर बगितलीय ती फिलिम. मला मनली, बाबा, तुमी कधी सांगितलं नाय. आता हितं कंपनीत काई जण मनायलेत, पैसे घेऊन बोलला. तेचं मला काई नाय. पण तिनं तसं समजू नाय. येवडंच.”

तो एवढंच मागत होता. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

घरी येऊन मी अभिप्राय लिहिला. संगणकावर लिहिता आला असता, पण महत्त्वाचं मी हातानेच लिहितो. पहिल्या पानावर विहीर, गल्ली, दार, गणवेश. ही दृश्यं वसतिगृहातली नाहीत, तसा उल्लेख फिल्ममध्ये नाही, आणि माहितीपटात असा उल्लेख न करणं ही प्रेक्षकांची दिशाभूल आहे. पान भरलं. दुसऱ्या पानावर लिहिलं की, असं असलं तरी फिल्ममध्ये माजी विद्यार्थ्यांनी जे सांगितलं आहे ते माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. सेवेची पद्धत होती. दहावीच्या मुलांना त्यातून सूट होती आणि एका वर्षी लग्नाच्या आठवड्यात ती मोडली. त्या आठवड्याचा फळा मी स्वतः लिहिला. दाखवलेलं खोटं असूनही सांगितलेलं खरं असू शकतं. या फिल्मचं मोल तिच्या दृश्यांत नाही, तिच्यात बोलणाऱ्या माणसांत आहे. म्हणून ती दाखवावी, दृश्यांबाबत खुलासा जोडून.

दोन्ही पानांवर खाली सही केली. ही काकांची शिकवण. बारावीत माझ्याकडून अर्ज लिहून घेताना ते म्हणायचे, “प्रत्येक पानावर सही करावी. म्हणजे मधलं पान कुणाला बदलता येत नाही.” पानांवर आकडे घालायचे मात्र राहिले.

काकांनी ऑफिसात माझ्यासमोरच वाचलं. पहिलं पान वाचताना मान हलवत होते. दुसरं वाचून चष्मा काढला.

“पहिलं पान उत्तम. अभ्यासपूर्ण आहे. दुसऱ्याची गरज नाही.”

“काका, पण प्रामाणिकपणे लिही म्हणाला होतात.”

“म्हणालो. पण अभिप्राय कशावर मागितला? फिल्मवर. पहिल्या पानावर फिल्म आहे. दुसऱ्या पानावर तुझ्या आठवणी आहेत. आठवणीला पुरावा लागतो.”

“फळा मी लिहायचो, काका.”

“मला माहीत नाही का?” ते इतक्या मायेने म्हणाले की, मला मान वर करवेना. “तुझं अक्षर अजून डोळ्यापुढं आहे माझ्या. म्हणून तर म्हटलं, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

त्यांना यातून काय म्हणायचं होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला कोंडीत पकडण्यासाठी त्यांनी हे केलं असं मला वाटत नाही. त्यांना खरंच वाटत असावं की, ज्याने फळा लिहिला तो त्याबद्दल बोलणार नाही, जसं घरातलं माणूस घरातलं बाहेर बोलत नाही. आणि मी घरातला होतो. त्यांनीच मला घरातला केलं होतं. बाहेरच्या माणसाला फार तर गप्प बसवता येतं. मला गप्प बसवायची गरजच नव्हती.

“दोन्ही पानं जाऊ द्यात,” मी म्हणालो. “माझी विनंती आहे.”

“बघू,” ते म्हणाले.

मी पानं टेबलावर ठेवून वर्गावर गेलो. उचलून आणायला हवी होती. झेरॉक्स घेतलेली होती, तेवढंच शहाणपण. पण काकांच्या टेबलावरून कागद परत उचलायचा असतो, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं.

आठवड्याने त्या मुलीचा मोबाइलवर संदेश आला. एक फोटो, खाली एकच ओळ: “सर, हेच का तुमचं?” फोटोत माझं पहिलं पान होतं. माझं अक्षर, खाली माझी सही. सही असल्यामुळे तेवढं एकच पान म्हणजे पूर्ण अभिप्राय वाटत होता. शेवटचे शब्द ‘दिशाभूल आहे’. मंडळाने खेळ पुढे ढकलला होता आणि हे पान सगळ्या सभासदांना पाठवलं होतं. ते आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही आलं. तिथे कुणीतरी लिहिलं, ‘बघा, आपल्याच माणसाने खोटेपणा उघडा पाडला.’ त्याखाली अंगठे, जोडलेले हात. एकाने लिहिलं, ‘चितेगाववाल्याला विचारा आता, किती मिळाले.’ त्याच ग्रुपवर तोही होता. त्याने काही लिहिलं नाही. त्याने वाचलंय हे मात्र दिसत होतं.

मी त्याला फोन केला. उचलला नाही. परत केला. मग दुसऱ्या पानाची झेरॉक्स घडी करून खिशात घातली आणि निघालो. पैठण रोडवर मालट्रकांच्या मागे गाडी हळूहळू चालवताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. ती सगळी भाषणासारखी होत होती. वीस वर्षं वर्धापनदिनाला बोलून माझी जीभ तसंच वळण घेते.

तो गेटवर आला. या वेळी कुणाला काही म्हणाला नाही. मी कागद पुढे केला. “हे दुसरं पान. मी दोन लिहिली होती.”

त्याने हात पुसून कागद घेतला. टपरीच्या बाकावर बसून, बोट ठेवून, एकेक ओळ वाचली. वसतिगृहात त्याला वाचनावरून चिडवायचे, तेव्हापासून तो बोट ठेवून वाचतो. मी उभाच होतो.

वाचून झाल्यावर म्हणाला, “त्यायनी येकच धाडलं?”

“हो.”

“आन तू बगत बसलास.”

“हो.”

त्याने कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. मग म्हणाला, “बराबर लिवलंय. पर येक ऱ्हायलंय.”

“काय?”

“त्या आठवड्याची पाळी कोनाची व्हती?”

बाजूने कंपनीची बस गेली, धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

ते मी इथेही आत्तापर्यंत लिहिलेलं नाही. सूट मोडायची ठरली तेव्हा अधीक्षकांनी मला नावं सांगितली नव्हती. ते म्हणाले होते, “दहावीच्या यादीत ज्यांची पाळी येते ती चार नावं लिही.” यादीप्रमाणे चौथं नाव माझं होतं. मी माझं गाळलं आणि खालचं लिहिलं. खालचं त्याचं होतं, कारण आमच्या ट्रंका शेजारी होत्या आणि यादी ट्रंकेच्या क्रमाने होती. कुणी तपासलं नाही. मी सराव परीक्षा दिली, गणितात पहिला आलो. काकांनी पाठीवर थाप मारली.

“तुला तेव्हापासून माहिती होतं?”

“यादी भिंतीवरच व्हती की रे. मला काय, चार नावं मोजता येत नव्हती?” तो कडवट हसला. “मी वाट बगत व्हतो, तू सोताहून मनशील. धावीत वाट बगितली. मग बारावी झाली तुजी. मग मास्तर झालास. मग मी सोडून दिलं.”

“मग कॅमेऱ्यासमोर का वाचवलंस मला?”

“तुला नाय वाचिवलं,” तो म्हणाला. “ती फिलिमवाली पोरगी मला मनली आसती, मग तुमी काकावर का चिडलाव, त्या पोरावर चिडा. समद्यायनी तुलाच धरलं आसतं. काका बाजूलाच ऱ्हायले आसते.”

मी वीस वर्षं फिल्म पारखायला शिकवतो. काय दाखवायचं, काय कापायचं आणि का, याचा इतका नीट विचार केलेला संकलक मला भेटलेला नाही.

मी खिशातून पेन काढलं. झेरॉक्सच्या खालच्या मोकळ्या जागेत, सहीच्या बाजूला, बाक हलत असल्यामुळे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: ‘त्या आठवड्याची पाळी यादीप्रमाणे माझी होती. मी माझं नाव गाळून त्यांचं लिहिलं.’ पुन्हा सही केली. वर ‘पान दोन, एकूण पानं दोन’ असं घातलं. त्याला दाखवलं. त्याने बोट ठेवून वाचलं आणि कागद परत दिला.

तिथेच बाकावर ठेवून मी त्या पानाचा फोटो काढला आणि मंडळाला, त्या मुलीला आणि ग्रुपवर पाठवला. मोबाइलवर आलेला पहिल्या पानाचा फोटोही पाठवला; विहीर खोटी आहे, हे आजही माझं मत आहे. मग काकांना फोन लावला. त्यांना हे दुसऱ्याकडून कळू नये एवढंच मला वाटत होतं.

“काका, मी दोन्ही पानं पाठवली. दुसऱ्यावर आणखी थोडं लिहिलंय.”

पलीकडून त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा ठोका ऐकू आला. मग ते म्हणाले, “जेवलास का?”

“हो,” मी म्हणालो. जेवलो नव्हतो.

“बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. निदान कुठेतरी काहीतरी तुटलं असतं, आणि तुटलं की माणूस दोन पावलं मागे तरी सरकतो. तसं झालं नाही. मी अजून त्यांच्या कॉलेजात आहे. नोकरीवरून कुणी काही बोललेलं नाही. पाकिटावर ते अजूनही माझ्या नावापुढे ‘प्राध्यापक’ लिहितात. वर्धापनदिनाचं भाषण या वर्षी दुसऱ्याला दिलं, आणि खाली बसून ते ऐकताना मला लाज वाटली, आणि काकांबद्दल माया वाटली, आणि दोन्हींतली एकही खोटी नव्हती.

फिल्म दाखवली गेली, सुरुवातीला विहिरीबद्दलची ओळ घालून आणि माझी दोन्ही पानं दाराशी लावून. मी गेलो नाही. चितेगावहून तो गेला होता, कॉलेजातल्या आपल्या मुलीला घेऊन. मला ग्रुपवरच्या एका फोटोवरून कळलं. फोटोत ती माझं दुसरं पान वाचते आहे, आणि तो मागे हात बांधून उभा आहे, तिचं वाचून व्हायची वाट बघत.